उसाच्या रसाचा शिरका : पहिल्या आठवड्यांत यीस्टवर नजर कशी ठेवावी

उसाच्या रसापासून शिरका करण्याची कृति आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांस निदान ऐकून ठाऊक असते. रस भांड्यांत भरून, तोंडास फडकें बांधून उन्हांत ठेवला म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनीं त्याचा आपोआप शिरका होतो, अशी साधारण समजूत आहे. कधीं कधीं तो तसा होतोही. परंतु पुष्कळ वेळां तो पाणचट, कधीं गोडसर-आंबट, तर कधीं बुरशी येऊन फेंकून देण्याजोगा होतो. आणि असें कां झालें हें करणारास सांगतां येत नाहीं. बिघाडाचें कारण तो शेवटच्या महिन्यांत शोधीत असतो. तें बहुधा पहिल्या आठवड्यांत घडून गेलेलें असतें.

शिरका हा दोन वेगळ्या जीवांनीं एकामागून एक केलेल्या दोन वेगळ्या कामांचा परिणाम आहे. पहिलें काम यीस्टचें. यीस्ट हा बुरशीच्या वर्गांतील एकपेशीय जीव असून तो रसांतील साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु तयार करतो. दुसरें काम ॲसिटिक जातीच्या जीवाणूंचें. ते हवेंतील प्राणवायु घेऊन त्या मद्यार्काचें आम्ल करतात. पहिलें काम चालू असतां हवा बंद पाहिजे, दुसऱ्यास ती मोकळी पाहिजे. पहिलें काम अर्धवट असतांना भांडें उघडें राहिलें तर दुसरे जीवाणु आंत शिरतात, आम्ल वाढूं लागतें, आणि त्याचें प्रमाण शेंकडा एकच्या आसपास गेलें कीं यीस्ट मंद पडून थांबतें. मग उरलेली साखर तशीच राहते. तिचा ना मद्यार्क होतो, ना आम्ल.

हा तोटा केवळ चवीचा नाहीं. आपल्या देशांतील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें आंबवून केलेल्या शिरक्याच्या दर शंभर मिलिलिटरांत ॲसिटिक आम्ल निदान ३.७५ ग्रॅम असावें लागतें. त्याहून हलका माल शिरका म्हणून विकतां येत नाहीं, आणि घरच्या लोणच्यांत घातला तर लोणचें टिकत नाहीं. बाजारांत ॲसिटिक आम्लांत पाणी मिसळून केलेला कृत्रिम शिरका फार स्वस्त मिळतो. किंमतीच्या बाबतींत शेतकऱ्यास त्याच्याशीं बरोबरी करतां यावयाची नाहीं. त्याचा माल खपेल तो वासामुळें, चवीमुळें व खरेपणामुळें. तेव्हां त्यांत कसर राहून भागणार नाहीं.

कृतीकडे वळण्यापूर्वीं कायद्याविषयीं दोन शब्द. रस आणि शिरका यांच्या मधल्या अवस्थेंत भांड्यांत जें असतें तें मद्यच होय, मग करणाराचा हेतु कांहीं असो. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें अंमलांत आहे. म्हणून प्रथम राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरींत जाऊन आपल्या कामास कोणती परवानगी लागते हें लेखी विचारून घ्यावें व मगच भांडें भरावें. माल विकावयाचा असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी निराळी करावी लागते. शेजाऱ्यानें न विचारतां केला, एवढ्यावर विसंबून राहूं नये.

यीस्टचे बारीक कण लेव्हेनहुक या डच गृहस्थानें आपल्या भिंगाखालीं १६८० सालींच पाहिले होते. पण ते सजीव आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर व जर्मनींत श्वान यांनीं हे कण अंकुर फुटून वाढतात असें दाखविलें. लीबिगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानें ही गोष्ट पुष्कळ वर्षें मानिली नाहीं. १८५७ पासून लुई पाश्चर यानें प्रयोगांवर प्रयोग करून, मद्यार्क होण्याची क्रिया हें जिवंत यीस्टचें काम आहे असें सिद्ध केलें, आणि १८६८ सालीं शिरक्यावर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला. या इतिहासांतून शेतकऱ्यानें घ्यावयाची गोष्ट अशी कीं, भांड्यांत आपण एक पीकच वाढवीत असतों. त्यास बीं लागतें, खत लागतें, ऊब लागते, आणि लक्ष न दिल्यास त्यांत तणही माजतें.

रस व भांडें.— ऊस पक्व व ताजा तोडलेला घ्यावा. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसाच्या रसांत ल्यूकोनोस्टॉक जातीचे जीवाणु आधींच वाढलेले असतात; असा रस पुढें बुळबुळीत होतो व त्यास तार सुटते. गुऱ्हाळावरून रस घ्यावयाचा तर तो काहिलींत जाण्यापूर्वींचा घ्यावा. चुन्याची निवळी किंवा हायड्रॉस पूड घातलेला रस या कामाचा नव्हे. हायड्रॉसपासून सुटणारा सल्फर डायऑक्साइड यीस्टलाही मारक आहे. गाळलेला रस स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यांत ७५ ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १५ ते २० मिनिटें त्याच उष्णतेवर ठेवावा, वर येणारी मळी झाऱ्यानें काढावी व झांकून निवूं द्यावा. यामुळें रसांतील बहुतेक तण मरतें.

ताज्या रसाचा ब्रिक्स साधारणतः १८ ते २० असतो. शिरक्यासाठीं इतका गोड रस नको. उकळून निवविलेलें पाणी घालून तो १४ वर आणावा. १८ ब्रिक्सच्या १० किलो रसास सुमारें २ किलो ८५० ग्रॅम पाणी लागतें. १४ ब्रिक्सच्या रसापासून आकारमानानें शेंकडा सातच्या आसपास मद्यार्क मिळतो, व कायद्यास लागतें त्याहून अधिक आम्ल होण्यास तेवढा पुरेसा आहे.

भांडें कांचेचें, चिनी मातीचें किंवा खाद्यपदार्थांसाठीं बनविलेल्या प्लास्टिकचें असावें. तांबें, पितळ, लोखंड व जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या यांस आम्ल खातें. त्या वापरूं नयेत. १० लिटर रसास १५ लिटरांचें भांडें घ्यावें, म्हणजे फेंसास जागा राहते. तोंडास घट्ट बूच बसवून, त्यांतून रबरी नळी काढून तिचें दुसरें टोंक पाण्याच्या बाटलींत बुडवून ठेवावें. वायु बाहेर जातो. हवा व चिलटें आंत येत नाहींत. चिलटें हीं ॲसिटिक जीवाणूंचीं मोठीं वाहनें आहेत, हें लक्षांत ठेवावें. भांडीं मोठीं व पुष्कळ असतील तर खोलीची खिडकी उघडी असावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षां जड असून खालीं सांचतो. जुन्या धान्याच्या पेवांत दिवा न सोडतां उतरणारा माणूस गुदमरतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याविषयीं अधिक सांगावयास नको.

बीं किती घालावें.— रस नुसता ठेवला तरी उसाच्या सालीवरचें व हवेंतलें रानटी यीस्ट त्यांत येतेंच, मग विकतचें यीस्ट कशास घालावयाचें, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. रस चांगला आंबूं लागला म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरांत यीस्टच्या दहा कोटींच्या आसपास पेशी होतात. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी ही वाढ होते, आणि रसांत एकेका दुपटीस दोन ते तीन तास लागतात असें धरूं. रानटी यीस्टच्या आरंभीं मिलिलिटरांत एक हजार पेशी असल्या, तर दहा कोटींपर्यंत जाण्यास सतरा वेळां दुप्पट व्हावें लागेल, म्हणजे ३४ ते ५१ तास. तेवढ्या वेळांत जीवाणूंस मैदान मोकळें मिळतें. उलट आरंभींच एक कोटी पेशी घातल्या तर तीन-चार दुपटींत, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या आंत किंवा जरा पुढें, वाढ पुरी होते.

सुक्या यीस्टच्या एका ग्रॅमांत दोन हजार कोटींच्या आसपास पेशी असतात. म्हणून १० लिटर रसास ५ ग्रॅम यीस्ट घातलें कीं मिलिलिटरास एक कोटीचा हिशेब बसतो. पाव करणाऱ्यांचें सुकें यीस्ट याच जातीचें असून या कामास चालतें. मात्र पुडा जुना नसावा. तें थेट रसांत टाकूं नये. ५० मिलिलिटर कोमट पाण्यांत, पाणी ३५ ते ४० अंशांचें असावें, पंधरा-वीस मिनिटें भिजवावें व मग २५ ते ३० अंशांपर्यंत निवलेल्या रसांत मिसळावें. रस गरम असतांना घाई करून घातलेलें यीस्ट तेथेंच मरतें, व पुढें आठ दिवस वाट पाहण्यांत जातात. मिसळल्यावर रस चांगला घुसळावा. पेशींच्या वाढीस आरंभीं थोडा प्राणवायु लागतो. पहिल्या दिवसानंतर मात्र घुसळणें बंद.

भांड्याच्या आंत काय चालतें.— पहिले कांहीं तास वरून कांहींच दिसत नाहीं. यीस्ट नव्या रसास सरावत असतें. पुढें वाढीचा जोर येतो. रस गढूळ होतो, फेंस चढतो, नळींतून बुडबुड्यांची ओळ लागते. एक-दोन दिवसांत पेशींची संख्या कमाल होते व वाढ थांबते. येथें एक मोठा गैरसमज होतो. वाढ थांबली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. वाढून झालेलें यीस्ट साखर खाण्याचें काम पुढें तीन-चार दिवस करीतच असतें, आणि बहुतेक मद्यार्क याच काळांत होतो. शेवटीं साखर संपली म्हणजे पेशी तळाशीं बसूं लागतात व रस वरून निवळत येतो.

या अवस्था नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं पाहणारा फसतो. फेंस हा रसांतील नत्रयुक्त द्रव्यांवर व मळी किती काढली यावर अवलंबून असतो; एखाद्या भांड्यास तो थोडा येतो आणि काम उत्तम होतें. बुडबुडे थांबण्यासही अनेक कारणें आहेत. बूच सैल असलें कीं वायु बाजूनें जातो व नळी मुकी राहते. रात्रीं थंडी पडली कीं यीस्ट निजतें. उलट ऊन लागून रस तापला म्हणजे आधींच विरघळून राहिलेला वायु सुटतो आणि काम नसतांही बुडबुडे दिसतात. म्हणून डोळ्यांबरोबर मापही हवें.

तराजू.— या कामांत सर्वांत भरंवशाचें, सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे तराजू. यीस्ट शंभर ग्रॅम उसाची साखर खातें तेव्हां हिशेबानें सुमारें ५१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रत्यक्षांत थोडी साखर पेशींच्या वाढीस, ग्लिसरिनास वगैरे जाते, म्हणून हा आंकडा पन्नासाच्या किंचित् खालीं येतो. त्यावरून एक सोपा नियम निघतो: भांड्याचें वजन जितकें घटलें त्याच्या दुप्पट साखर आंबली; आणि जितकें घटलें जवळजवळ तितक्याच वजनाचा मद्यार्क झाला. भाजीवाल्यापाशीं असतो तसा, दहा ग्रॅमपर्यंत दाखविणारा विजेचा काटा यास पुरतो.

उदाहरणार्थ, १४ ब्रिक्सच्या १० लिटर रसाचें वजन १० किलो ५७० ग्रॅम भरतें. पक्व उसाच्या रसांतील विद्राव्य भागांपैकीं शेंकडा ८५ च्या आसपास साखर असते. म्हणजे या रसांत सुमारें १ किलो २६० ग्रॅम साखर धरावी. ती सर्व आंबल्यास वजन ६०० ते ६३० ग्रॅम घटलें पाहिजे. आतां समजा, रोज सकाळीं एकाच वेळीं भांडें, बूच व रस यांसह काट्यावर ठेवून घट मांडीत गेलों. पहिल्या दिवशीं ४० ग्रॅम, दुसऱ्या १५०, तिसऱ्या १९०, चौथ्या १३०, पांचव्या ६०, सहाव्या २५, सातव्या ५, आठव्या शून्य. एकूण ६००. हें भांडें निरोगी आहे. घट चढत जाऊन एका शिखरास पोंचली, मग हळूहळू उतरली, आणि एकूण बेरीज अपेक्षेच्या जवळ आली. दुसऱ्या एका भांड्याची घट ४०, १५०, १०० व ३० अशी येऊन पांचव्या दिवशीं शून्य झाली असें समजा, बेरीज ३२०. येथें ६४० ग्रॅम साखर आंबली, व जवळजवळ तेवढीच बाकी आहे. दोन्ही भांडीं बाहेरून सारखींच शांत दिसतील. पहिल्यास पुढें नेण्यास हरकत नाहीं. दुसरें तसेंच उघडलें तर शिरका हलका व गोडसर होणार.

वजन करतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. भांडें हलवतांना फेंस नळींतून बाहेर गेला तर हिशेब चुकतो; म्हणून काट्यावरच भांडें कायम ठेवलें तर उत्तम. दुसरें, तपासणीसाठीं रस काढला तर काढण्यापूर्वींचें व नंतरचें अशीं दोन्ही वजनें लिहून ठेवावीं.

हायड्रोमीटर व हातांतील ब्रिक्स यंत्र.— तराजूच्या साक्षीस दुसरी साक्ष हायड्रोमीटरची. साखर गेली कीं रस हलका होतो व तरंगणारी कांचेची नळी खोल बुडते. दुधांत पाणी घातलें कीं लॅक्टोमीटर बुडतो, तेंच हें तत्त्व. मात्र दुधाचा लॅक्टोमीटर येथें चालत नाहीं, कारण १४ ब्रिक्सचा रस त्याच्या खुणांच्या पलीकडे जड असतो व आंबून झालेला रस त्याहून हलका. शून्य ते वीस ब्रिक्सचा हायड्रोमीटर घ्यावा. काढलेला रस दोन पेल्यांत चार-पांच वेळां ओतून वायु घालवावा, नाहींतर बुडबुडे नळीस चिकटून तिला वर उचलतात. वाचन यंत्रावर लिहिलेल्या उष्णतामानास करावें, आणि तपासलेला रस पुन्हां भांड्यांत ओतूं नये. काम पुरें झाल्यावर वाचन शून्याच्या आसपास येतें. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळें तें शून्याखालींही जाऊं शकतें. नेमका आंकडा रसागणिक बदलतो. त्या आंकड्यापेक्षां तो दोन दिवस हलला नाहीं, हें महत्त्वाचें.

ऊस तोडणीस आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पुष्कळ बागाईतदारांपाशीं हातांत धरून पाहण्याचें रिफ्रॅक्टोमीटर असतें. एक-दोन थेंबांत काम होतें म्हणून तेंच या कामीं लावण्याचा मोह होतो. ताज्या रसास तें अगदीं योग्य आहे. परंतु रस आंबूं लागल्यावर तें सरळ वाचतां येत नाहीं. तें साखर मोजीत नाहीं. प्रकाश किती वांकतो तें मोजतें, आणि मद्यार्कही प्रकाश पाण्यापेक्षां अधिक वांकवितो. त्यामुळें १४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबून साखर संपली तरी हें यंत्र पांच-सहा ब्रिक्स दाखवीत राहतें. तें पाहून काम अडलें आहे असें वाटतें, आणि मग कोणी पुन्हां यीस्ट घालतो, कोणी भांडें उन्हांत नेतो. आरंभींचें वाचन याच यंत्रानें घ्यावें. पुढील वाचनें हायड्रोमीटरनें.

उष्णता.— यीस्टला २५ ते ३० अंश मानवतात. ३५ च्या वर तें थकूं लागतें, व त्याहून पुढें गेल्यास साखर शिल्लक असतांच थांबतें. आपला उसाचा हंगाम दोन टोंकांचा आहे. पौषांतल्या रात्रीं भांडें गारठून काम रेंगाळतें, तेव्हां त्यास पोत्यांनीं गुंडाळावें. फाल्गुन-चैत्रांत ओलें फडकें भोंवतीं लावून सावलींत ठेवावें. शिवाय आंबतांना रस स्वतःही उष्णता देतो. १४ ब्रिक्सच्या रसांतील सर्व उष्णता आंतच कोंडली गेली, तर तो सुमारें पंधरा-सोळा अंशांनीं तापेल. दहा लिटरांच्या बरणींतून ती सहज निघून जाते. दोनशे लिटरांच्या पिंपांतून ती तशी जात नाहीं. बरणींत उत्तम साधलेली कृति पिंपांत बिघडते, त्याचें एक कारण हें आहे. म्हणून पिंपाचें उष्णतामान दिवसांतून दोनदां पाहिलें पाहिजे.

सूक्ष्मदर्शक यंत्र.— ज्यांना जवळच्या कृषि महाविद्यालयांत किंवा कृषि विज्ञान केंद्रांत जाणें शक्य आहे, त्यांनीं दुसऱ्या दिवसाच्या रसाचा एक थेंब चारशेंपट मोठा करून अवश्य पाहावा. यीस्टच्या पेशी अंडाकृति असून पुष्कळांस बाजूला लहान अंकुर फुटलेला दिसतो. जीवाणु त्यांच्या मानानें फार बारीक, काडीसारखे किंवा मण्यांच्या माळेसारखे दिसतात. मोजणी करावयाची तर नॉयबावर मोजपट्टी वापरतात. तिच्या मधल्या पंचवीस घरांचें क्षेत्र एक चौरस मिलिमीटर व खोली एक-दशांश मिलिमीटर असते; म्हणून तेथें मोजलेल्या संख्येस दहा हजारांनीं व रस जितका पातळ केला असेल त्या पटीनें गुणलें म्हणजे मिलिलिटरांतील पेशी निघतात. रस शंभरपट पातळ केला आणि घरांत शंभर पेशी भरल्या, तर हिशेब दहा कोटींचा. त्यांत मेथिलीन ब्लू या रंगाचा सौम्य द्राव मिसळल्यास मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. मागच्या खेपेचा गाळ बीं म्हणून वापरावयाचा असेल तर ही परीक्षा फार उपयोगाची आहे; निम्म्या पेशी निळ्या दिसल्या तर तो गाळ टाकून नवें यीस्ट आणावें. अन्यथा दर खेपेस ही मोजणी करण्याची शेतकऱ्यास जरूर नाहीं. तराजू तेंच काम दुसऱ्या वाटेनें करतो.

अडलेलें काम.— घट वेळेपूर्वीं थांबली तर क्रमानें पाहावें. प्रथम बूच व नळी. वजन घटत असून बुडबुडे नसतील तर नुसतें बूच बदलावें. मग उष्णतामान, गारठा असल्यास भांडें उबदार जागीं न्यावें, व एक दिवस थांबावें. तिसरें कारण उपासमारीचें. उसाच्या रसांत साखर भरपूर, पण यीस्टला लागणारें नत्र बेताचें असतें. खाद्यपदार्थांसाठीं म्हणून मिळणारें डायअमोनियम फॉस्फेट लिटरास अर्धा ग्रॅम आरंभींच्या दोन दिवसांत घातल्यास वाढ चांगली होते. खताच्या पोत्यांतील डी.ए.पी. मात्र कोणी कदापि घालूं नये. नांव तेंच असलें तरी तें खाण्यासाठीं शुद्ध केलेलें नसतें, व त्यांत कॅडमियमसारखीं विषारी द्रव्यें अंशतः असूं शकतात. इतकें करूनही घट न दिसल्यास पाव लिटर ताज्या तापवून निवविलेल्या रसांत नवें यीस्ट वाढवावें, आणि तें भरभरून फेंसाळलेलें असतांना मोठ्या भांड्यांत घालावें. अडलेल्या रसांत थेट सुकें यीस्ट टाकल्यास मद्यार्कामुळें तें बहुधा जोर धरीत नाहीं. रसास आंबट वास येऊं लागला असेल किंवा तार सुटत असेल, तर या खटपटींत पडूं नये. तो रस शिरक्यास गेला असें समजून सोडून द्यावा.

वजन दोन दिवस स्थिर, हायड्रोमीटर दोन दिवस स्थिर, आणि घटीची बेरीज साखरेच्या हिशेबाजवळ, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे यीस्टचें काम पुरें झालें. मग वरचा निवळ रस नळीनें अलगद दुसऱ्या रुंद तोंडाच्या भांड्यांत घ्यावा, गाळ खालींच राहूं द्यावा. त्यांत चौथा हिस्सा न उकळलेला, जिवंत शिरका विरजण म्हणून घालावा, तोंडास घट्ट विणीचें फडकें बांधावें व २८ ते ३० अंशांच्या सुमारास, अंधाऱ्या पण हवेशीर जागीं ठेवावें. येथून पुढें तराजूचा उपयोग राहत नाहीं, कारण जीवाणु हवेंतून प्राणवायु आंत घेत असतात आणि उघड्या तोंडानें पाणी व मद्यार्क उडत असतात. वजनाचा अर्थ लागत नाहीं. या दुसऱ्या कामाचें माप आम्लाचें. एक मिलिलिटर शिरका थोड्या पाण्यांत घेऊन, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून, दशांश नॉर्मल कॉस्टिक सोड्याचा द्राव फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब थेंब घालावा. जितके मिलिलिटर लागले त्यांस ०.६ नें गुणिलें म्हणजे शंभर मिलिलिटरांतील आम्ल ग्रॅममध्यें येतें. सव्वासहा मिलिलिटर लागले म्हणजे ३.७५ ची कायद्याची रेषा गांठली. विरजणाचा शिरका घालतांच एकदां हें माप घेऊन ठेवावें, आणि पुढें दर आठवड्यास.